सांगायचं कोणाला?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 40,891 माणसांची नोंद स्त्री आणि पुरुष हे दोन रकाने सोडून 'इतर' या रकान्यात झाली. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून नोंद असलेले मतदार मात्र साऱ्या राज्यात मिळून सहा हजारांच्या आसपासच होते. पहिल्या आकड्यात लहान मुलंही धरलेली होती, हे मान्य केलं तरी एवढी तफावत पटत नाही. या दोन नोंदींच्या मधल्या तेरा वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, संसदेने कायदा केला, राज्याने कल्याण मंडळ नेमलं आणि धोरणही मंजूर केलं. हक्क वाढत गेले, ते मागायला पुढे येणारी माणसं मात्र मूठभरच राहिली. असं का व्हावं?

कायद्याने माणसाला स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क दिला, पण ती नीट ऐकून घेण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही, असं माझं म्हणणं आहे. मुंबई-पुण्यात ही उणीव थोडीफार भरून निघते. तिथे संस्था आहेत, समुपदेशक आहेत, आपल्यासारखं दुसरं माणूस भेटण्याची शक्यता तरी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत ही उणीव उघडी पडते. सिरोंचा किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर, छोट्या वस्तीवर, पंधरा वर्षांच्या मुलाला आतून ठाम वाटतंय की आपण मुलगी आहोत. तर त्याने, खरं म्हणजे तिने, हे पहिल्यांदा सांगायचं कोणाला? बापाला? आश्रमशाळेच्या अधीक्षकाला? गावच्या पुजाऱ्याला? या प्रश्नाला आज आपल्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधल्याशिवाय कलेक्टर कचेरीतल्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ उरत नाही.

'खेड्यातल्या लोकांना यातलं काही कळत नाही,' असं शहरात सहज म्हटलं जातं. या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीबद्दल तर हे मुळीच खरं नाही. दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या लोककला. दोन्हींत पुरुषांनी लुगडं नेसून, पायात चाळ बांधून बाईचं सोंग घ्यायचं, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा तर या नाटक मंडळ्यांची राजधानीच. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या हयातीसाठी. आज नाटकात स्त्री कलावंत काम करतात, पण बाईच्या वेशातला पुरुष इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही नवा नाही. नाच्या चांगला असेल तर त्याची चाल, मान वेळावणं, पदर सावरणं यावर लोक भरभरून बोलतात. बाईपण शरीरावर अवलंबून नसतं, ते बोलण्या-चालण्यातून आणि नजरेतून उभं राहतं, हे या प्रेक्षकांना कुठल्याही प्राध्यापकाइतकं समजतं.

तरीही पहाटे खेळ संपला की ही समज तिथेच थांबते. सोंग उतरवून तो पुरुष घरी जातो, सकाळी धुऱ्यावर दिसतो, बायको-पोरांत वावरतो, म्हणूनच त्याचं कौतुक होतं. गावाला सोंग चालतं कारण ते उतरतं. ज्या माणसाच्या बाबतीत सोंग उलटं आहे, म्हणजे दिवसभर वागवावा लागणारा पुरुषपणाच ज्याला सोंग वाटतो, त्याच्यापुढे हेच गाव गप्प होतं किंवा टिंगल करतं. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्टसुद्धा आपण समजून घेतलेली नसते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही. मंडईच्या रात्री टाळ्या वाजवणारा बापच सकाळी आपल्या पोराला 'बायल्या' म्हणून मारतो. त्याच्याकडे निरीक्षण भरपूर आहे. आपल्याच पोराशी या विषयावर बोलण्याची वाट मात्र त्याला कुणी दाखवलेली नाही.

ही वाट अवघड होण्यात भाषेचाही हात आहे. प्रमाण मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' यांतलं एक निवडल्याशिवाय आल्याची वर्दीसुद्धा देता येत नाही. जेवणं, झोपणं, पडणं, रडणं, अशा कितीतरी साध्या वाक्यांत बोलणाऱ्याला आपलं लिंग जाहीर करावं लागतं. ज्याला ते जाहीर करणं जाचतं त्याच्यासाठी शाळेतला प्रत्येक तास एक कसोटी होतो. वैदर्भी बोलण्यात थोडी सैल जागा आहे. इथे 'तो येते' आणि 'ती येते' दोन्ही चालतं, बाप 'जाते' आणि आईही 'जाते'. गोंडी आणि माडिया या इथल्या आदिवासी भाषांत तर 'मी' म्हणून बोलताना क्रियापदाला लिंग लागतच नाही. मात्र दुसऱ्याबद्दल बोलताना गोंडीत पुरुष एका वर्गात आणि बाई, जनावर, वस्तू असं बाकी सगळं दुसऱ्या वर्गात जातं. माडिया बोलणारं सहा वर्षांचं पोर आश्रमशाळेत येतं तेव्हा मराठी शिकता शिकता 'मी' या शब्दाला लिंग चिकटवायलाही शिकतं, आणि चुकलं की वर्ग हसतो.

यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की बोलीभाषा सैल म्हणून समाज मोकळा. बंगालीत व्याकरणाला लिंग नाही, तरी बंगालमधल्या हिजड्यांच्या वाट्याला हेटाळणी यायची थांबलेली नाही. 'आदिवासी समाज मुळातच सहिष्णू, त्यांच्यात असले भेद नसतात,' असंही कौतुकाने सांगितलं जातं. मला हे कौतुक धोक्याचं वाटतं. एकदा असं गृहीत धरलं की तिथल्या माणसाला विचारायचं कामच टळतं. माडिया घरातल्या तृतीयपंथी मुलाला मार बसतो की माया मिळते, याचं उत्तर त्याच मुलाकडून यायला हवं. शहरातल्या कोणा पाहुण्याच्या आदिवासी प्रेमातून ते येणार नाही.

आता न बोललेलं कुठे जातं ते पाहू. गडचिरोली जिल्ह्यात मोठं रेल्वे स्टेशन म्हणावं असं एकच, वडसा. तिथून गाडी बल्लारशाला जाते आणि बल्लारशाहून दिल्ली-चेन्नईचा मुख्य मार्ग लागतो. घरात कोंडी झालेली अनेक मुलं याच वाटेने बाहेर पडतात आणि पुढे नागपूर, हैदराबाद किंवा मुंबईत एखाद्या गुरूच्या डेऱ्यावर पोचतात. डेऱ्यात निवारा मिळतो, नवं नाव मिळतं, आई म्हणावं अशी गुरू आणि बहिणी म्हणाव्यात अशा चेल्या मिळतात. हे नातं खरं आहे, त्याला कमी लेखू नये. पण त्याची किंमतही आहे: बधाई, रेल्वेतली मंगती, पुष्कळदा देहविक्री, आणि गुरूचा हिशेब. शाळा सुटते ती कायमची. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी संसदेने केलेल्या 2019 च्या कायद्याच्या 12 व्या कलमाने तृतीयपंथी मुलाला आईबापाच्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि घरचे सांभाळू शकत नसतील तर न्यायालयाने त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवावं अशी तरतूद केली. हिजड्यांच्या घराण्याला, गुरु-चेल्यांच्या नात्याला या कलमात जागा दिली नाही. जन्मघर नाही तर सरकारी केंद्र, असे दोनच पर्याय ठेवले. बल्लारशाच्या फलाटावरच्या मुलीला हे दोन्ही पर्याय ठाऊक नसतात. तिला कोणीतरी एक पत्ता दिलेला असतो, तेवढाच तिचा आधार.

घर सुटण्याचा अर्थ या जिल्ह्यांत आणखी जड आहे, तो शहरी वाचकाने समजून घ्यावा. इथलं जगणं जंगलाच्या हक्कावर उभं आहे. वनहक्क कायद्यात वैयक्तिक दावा मंजूर होतो तो विवाहित असल्यास नवरा-बायको दोघांच्या नावाने, एकट्या कुटुंबप्रमुखाचं घर असेल तर त्याच्या नावाने. ती जमीन विकता येत नाही, वारसाने मात्र मिळते. तेंदूपत्ता, बांबू, मोह यांचं उत्पन्न ग्रामसभेच्या हद्दीत राहणाऱ्याला. गाव सोडलं की हे सगळं हळूहळू सुटतं. लुगडं नेसायची इच्छा आणि सात-बारा यांचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध असा, की मुलाला हाकलल्यावर त्याच्या वाट्याची जमीन आणि जंगल भावाकडे जातं, आणि मग त्याने परत येऊ नये यात घरातल्या एखाद्याचा फायदा तयार होतो.

हे लिहिताना मी आतापर्यंत जवळजवळ मुलगी होऊ पाहणाऱ्या मुलाबद्दलच बोललो. तृतीयपंथी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाळी वाजवणारी साडीतली व्यक्तीच येते. मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःला मुलगा समजणाऱ्या माणसांची तर गणतीच होत नाही. त्यांना घर सोडून जाता येत नाही, डेरा नाही, गुरू नाही. शेतात पँट-शर्ट घालून राबणारी पोरगी अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत 'पोरासारखी कामाची' म्हणून मिरवली जाते आणि मग एका उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं जातं. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, 2018 मध्ये मुंबईत त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असंही माणूस असतं हे वर्तमानपत्रांतून पहिल्यांदा ठळकपणे कळलं. त्यांच्या हातात सरकारी नोकरी होती, वरिष्ठांकडे अर्ज करता येत होता. नोकरी नसलेल्या, गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या एखाद्या गावातल्या तशाच माणसाने अर्ज कोणाच्या नावे लिहावा?

कायद्याची वाट काय सांगते? 15 एप्रिल 2014 ला न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खंडपीठाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे 'नालसा'च्या खटल्यात निकाल दिला. आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको, असं त्या निकालाने सांगितलं. 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला आणि त्याने या तत्त्वाच्या वाटेवर जिल्हाधिकाऱ्याला आणून बसवलं. 2020 च्या नियमांनी अर्ज आणि शपथपत्रावर तीस दिवसांत ओळखपत्र द्यायचं ठरवलं, अर्जासाठी केंद्राने पोर्टलही सुरू केलं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे घरबसल्या अर्ज करता येणं ही मोठी सोय आहे. पण तो अर्ज भरताना कोण काय करतं ते बघा. नेट मिळतं ते तालुक्याच्या गावी, सेवा केंद्रावर. खुर्चीवर ओळखीचा मुलगा बसलेला, मागे रेशनकार्डाच्या आणि पीकविम्याच्या कामासाठी आलेले गावकरी उभे. तो मोठ्याने विचारतो, 'नाव? लिंग?' जी गोष्ट आईलाही सांगितलेली नाही ती सात-आठ माणसांच्या देखत, पडद्यावर बोट ठेवून सांगायची. मी त्या रांगेत असतो तर घरी परतलो असतो.

याच कायद्याच्या 18 व्या कलमात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचारालाही सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराला कायद्यात किमान दहा वर्षं आहेत. एकाच देशात शरीराची किंमत इतकी वेगळी लावणारा कायदा माणसाला 'पुढे ये आणि सांग' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग करायचं काय? उत्तरासाठी परदेशात किंवा महानगरात जायची गरज नाही. न बोलल्या जाणाऱ्या शरीराबद्दल कसं विचारावं आणि कसं ऐकावं, हे साऱ्या जगाला शिकवणारं काम याच गडचिरोलीत झालेलं आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' या संस्थेचं काम गडचिरोलीत सुरू केलं. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारचा आणि डॉक्टरांचा समज होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून त्यांनी जे मांडलं ते जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. तपासलेल्यांपैकी जेमतेम 8 टक्क्यांचीच त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. विचार करा, गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईला दुखत होतं, आणि दवाखान्याच्या नोंदीत ते दुखणं नव्हतंच. डॉक्टर म्हणत, बायका येतच नाहीत. बायका म्हणत, सांगणार कोणाला, पुरुष डॉक्टरला? सासूला? रोग होता, शब्दही होते, कारण बायका आपसात आपल्या बोलीत त्याबद्दल नेमकं बोलत होत्या. ऐकणारं अधिकृत माणूस तेवढं नव्हतं. ते एकदा गावात येऊन बसलं, बायकांच्या बोलीत विचारू लागलं, तेव्हा जगभरच्या आरोग्य धोरणात स्त्रीरोगांचा विषय आला.

या अभ्यासातून मी तीन गोष्टी उचलतो. पहिली, न आलेल्या तक्रारीवरून दुखणं नाही असा निष्कर्ष काढायचा नाही. 'आमच्या तालुक्यात तृतीयपंथी नाहीतच' असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याने त्या आठ टक्क्यांची आठवण ठेवावी. दुसरी, विचारणारा माणूस गावातला आणि विश्वासातला हवा. 'सर्च'ने पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या अनुभवाची छाप आज देशभरातल्या आशा सेविकांच्या कामावर आहे. तिसरी, आधी तरुणांशी बोलावं लागतं. डॉ. राणी बंग यांचं 'तारुण्यभान' शिबिर हेच करत आलं आहे. शरीर, आकर्षण, नातं या गोष्टी मुलामुलींसमोर उघडपणे आणि आदराने बोलता येतात, गाव पेटत नाही, हे या शिबिरांनी वर्षानुवर्षं दाखवलं.

तेव्हा माझी पहिली मागणी आशांबद्दल आहे. प्रत्येक गावात, टोल्यावर पोचणारी ही सरकारची बाई. तिला क्षयाच्या थुंकीच्या नमुन्यापासून बाळाच्या वजनापर्यंत सगळं शिकवलं जातं. तिच्या प्रशिक्षणात एक दिवस याही विषयाचा असावा, आणि तो गोंडी-माडियात घ्यावा. तिने निदान करायचं नाही, नाव नोंदवायचं नाही, कोणाला पटवायचंही नाही. घरात एखादं पोर गप्प झालं असेल, शाळा सोडून बसलं असेल, मार खात असेल, तर त्याच्याशी एकटीने बोलायचं आणि एक प्रश्न विचारायचा: 'तुला काय म्हणून हाक मारू?' आणि जे कळलं ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. खेड्यात गुपित फुटलं की माणूस फुटतो. आशांना त्यासाठी वाढीव मानधन द्या, कारण हे जोखमीचं काम आहे, फुकटात पदरात टाकायचं नाही.

दुसरी मागणी आश्रमशाळांबद्दल. इथे मूल दिवसाचे चोवीस तास असतं, म्हणून त्रासही चोवीस तासांचा असतो. वर्गात चिडवणं आहेच, पण खरी भीती संध्याकाळनंतरची. उघड्या हौदावर सगळ्यांदेखत अंघोळ, एका खोलीत चाळीस-पन्नास मुलांचं झोपणं, आणि मोठ्या मुलांचा 'खेळ'. मुलांच्या वसतिगृहात राहणारी, स्वतःला मुलगी समजणारी एखादी बारा-तेरा वर्षांची विद्यार्थिनी रात्री किती वाजता झोपत असेल याची कल्पना करा. आदिवासी विकास विभागाने दार लागणारी न्हाणीघरं बांधावीत, झोपायची जागा बदलून मागितली तर कारण न विचारता द्यावी, आणि अधीक्षक किंवा अधीक्षिका यांच्यापैकी एकाला तरी या विषयाचं रीतसर शिक्षण द्यावं. दार लागणाऱ्या न्हाणीघराला कोणाचाही तात्त्विक विरोध असू शकत नाही. त्याचा फायदा प्रत्येक मुलाला होतो.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात. आईबाप मुलाला आधी पुजाऱ्याकडे किंवा मांत्रिकाकडे नेतात आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगांच्या यादीत ही ओळख मनोविकारांत धरलेली नाही. 'बरं करतो' म्हणून उपचार देणं हे गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही 2022 मध्ये कळवलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचा 2021 चा निकाल होता. निकाल देण्याआधी त्यांनी आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही असं खुलेपणाने म्हटलं, समुपदेशकाकडे जाऊन बसले, तृतीयपंथी व्यक्तींशी बोलले, आणि मग लिहिलं. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला यात कमीपणा वाटला नाही, तर तहसीलदाराला आणि ठाणेदाराला वाटायचं कारण नाही.

ग्रामसभेचा प्रश्न जास्त नाजूक आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची पद्धत रुजवली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव घेतलं जातं. सर्वसहमतीला दोन बाजू आहेत. एकाचा विरोध असेल तर निर्णय थांबतो, म्हणजे एकट्या माणसाला ताकद मिळते. पण सगळ्यांनी एकमुखाने बोलायचं अशी सवय लागली की वेगळ्या माणसावर गप्प राहण्याचं दडपणही येतं. म्हणून मला त्या पद्धतीतला अभ्यासगट जास्त मोलाचा वाटतो. कोणत्याही एका घराचं नाव न घेता, बाहेरच्या एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला बोलावून गावाने दोन संध्याकाळी ऐकावं आणि प्रश्न विचारावेत. जे गाव बांबूचा दर आणि वनहक्काचं कलम असं बसून शिकू शकतं, ते हेही शिकेल.

'गाव स्वीकारणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी दोन निवडणुका आठवाव्यात. 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे यांना सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांचा स्त्रियांसाठी राखीव जागेवरचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य करायला लावला, आणि त्या निवडून आल्या. अडवलं ते कचेरीने, मत दिलं ते गावाने. दोन्ही ठिकाणी गावाला ते माणूस वर्षानुवर्षं ओळखीचं होतं, त्याच्याशी बोलणं-चालणं होतं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो, त्याला उत्तर द्यायला हवं. इथे हिवताप आहे, सिकलसेल आहे, वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, खाणींसाठी जंगल जातंय, पोरं बेकार आहेत, मग या प्रश्नाला रांगेत पुढे का आणायचं? मी रांग मानत नाही. सिकलसेल तृतीयपंथी मुलालाही होतो आणि हेटाळणीच्या भीतीने तोच दवाखान्यात सगळ्यात उशिरा पोचतो. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांत एखादी तृतीयपंथी मुलगीही असते, पण अर्जात दोनच रकाने होते. ते वाढवायला 2022 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला खडसवावं लागलं. ती आदिवासी असेल तर आणखी एक पेच. 'नालसा' निकालाने तृतीयपंथीयांना मागासवर्गाचे लाभ द्या म्हटलं, पण जिच्याकडे अनुसूचित जमातीचा दाखला आधीच आहे तिने दोन ओळखींपैकी कोणती सोडायची? कर्नाटकाने 2021 मध्ये प्रत्येक प्रवर्गात आडवं एक टक्का आरक्षण देऊन हा पेच सोडवला. महाराष्ट्राने तसं करावं, आणि गडचिरोलीच्या पोलीस भरतीपासून करावं.

आता 2027 ची जनगणना आली आहे. या दोन जिल्ह्यांत घरोघरी जाणाऱ्या प्रगणकांत जिल्हा परिषदेचे शिक्षक मोठ्या संख्येने असतील. गुरुजी आणि बाई, माझी विनंती तुम्हाला आहे. घरच्या कर्त्याला सगळ्यांची नावं विचारून, त्याच्या तोंडूनच सगळ्यांचं लिंग लिहून पुढच्या घरी जाऊ नका. घरात जी सज्ञान माणसं हजर असतील त्यांना एकेकट्याने, अंगणात बाजूला घेऊन विचारा, आणि ते सांगतील तेच लिहा. ज्यांना घरी तोंड उघडता येत नाही त्यांच्यासाठी तो कदाचित पहिला आणि एकटाच प्रश्न असेल. तो घाईत उरकू नका.